तराजू खयसून हाडलास? उपासनेत गोष्टी सांगताना या चुका टाळा

आमच्या चर्चच्या मंडळीत पहिल्यांदा संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला उभी राहिले तेव्हा मी एका मासळीवालीची गोष्ट सांगितली होती. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवून ती गिऱ्हाइकांना फसवते आणि शेवटी स्वतःच फसते, अशी काहीशी. एका जुन्या प्रवचनाच्या वहीतून उचललेली. वचन होतं नीतिसूत्रे ११:१, खोट्या तराजूचा देवाला वीट येतो ते. लोक हसले आणि मी खूश झाले. तिसऱ्या रांगेत म्हापशाच्या बाजारात मासळी विकणारी, मूळची शिरोड्याकडची एक मावशी बसली होती. ती हसली नाही. पुढचे तीन रविवार ती आलीही नाही.

चौथ्या आठवड्यात मी तिला बाजारातच गाठलं. तिने बांगड्यांवर पाणी शिंपडलं आणि वर न बघताच म्हणाली, "बाय, आमी वाटे घालतंव. तराजू तुमी खयसून हाडलास?" तराजू कुठून आणलात?

खरंच की! बांगडे, तारले, वेर्ल्या हे सगळं तिच्याकडे वाट्यावर जातं. केळीच्या पानावर नाहीतर प्लॅस्टिकवर ढीग लावलेला असतो, आणि घासाघीस होते ती "आणखी दोन टाक" अशी. सोळा वर्षं मी त्याच बाजारात मासे घेत होते. तरीही माझ्या गोष्टीतल्या बाईच्या हातात तराजू होता, कारण वहीत तराजू होता.

गोष्ट सांगून विश्वास समजावताना आपण ज्या चुका करतो, त्यातल्या निम्म्या या एका प्रसंगात सापडतील. आमची मराठी मंडळी लहान आहे. कोणी वेंगुर्ल्याचं, कोणी मिरजेचं, कोणी अहमदनगरकडचं. रविवारी संदेश, मुलांचं संडे स्कूल आणि नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांसोबत एक कार्यक्रम, एवढाच आमचा पसारा. पण मोठ्या मंडळीत फसलेला विनोद गर्दीत हरवतो. आमच्याकडे तो चहाच्या वेळी समोर येऊन उभा राहतो.

उसनी गोष्ट

लक्षण: लोक मान डोलावतात, पण चहाच्या वेळी त्या गोष्टीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

कारण बहुतेक वेळा हेच, की गोष्ट दुसऱ्या गावची असते. तिच्यात बर्फ असतो, आगगाडीचा सांधेवाला असतो, राजाचा विदूषक असतो. म्हापशाच्या माणसाला त्यात आपलं घर दिसत नाही. येशूने गालीलातल्या लोकांना पेरणारा, जाळं, हरवलेलं मेंढरू, पिठातलं खमीर हेच सांगितलं. रोज हाताळायच्या वस्तू! आपल्याकडे खमीर सांगायचं तर पदेर आहे. सायकलचा भोंगा वाजवत पहाटे येणारा, टोपलीत पाव, उंडे, पोळी आणि कांकणं घेऊन. पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरेवर फुगायचं, हे आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं आणि ते सांगताना त्यांचे डोळे लकाकतात. मत्तय १३:३३ वाचण्याआधी त्यांनाच बोलतं करा, अर्धा संदेश तिथेच होतो.

हा काही नवा शोध नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. इंग्लंडचा हा जेझुइट, पण त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं ते मराठीत, आणि तेही ओवीत. इथल्या कानाला पुराणाची सवय होती, म्हणून त्यांनी पुराणच रचलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. परदेशातून आलेल्या माणसाला इथला कान कळला आणि मला माझ्याच बाजारातला वाटा दिसला नाही, हे लिहायला अजून थोडं जड जातं.

उपाय साधा आहे. आठवडाभर एक छोटी वही पिशवीत ठेवा आणि कदंबच्या बसमध्ये, रेशनच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी जे कानावर पडेल ते दोन ओळींत टिपा. दहातलं एक कामाला येतं. बाकीचं वाचतानाही मजा येते, हा वरचा फायदा.

हसणं कोणावर?

तराजूची दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. मी जिच्यावर हसवलं ती बाई मी नव्हते.

गोव्यात असे तयार विनोद ढिगाने मिळतात. दारू पिऊन झिंगलेला पाववाला, पोर्तुगीज नाव मिरवणारा उडाणटप्पू, आळशी भाटकार म्हणजे जमीनदार, कंजूष व्यापारी. कार्निव्हलमध्ये किंग मोमो "खा, प्या, मजा करा" म्हणत फिरतो ते चार दिवस ठीक आहे, तो त्या चार दिवसांचाच राजा असतो. पण प्रवचनातून तोच साचा फिरवला की समोरच्या कोणाच्या तरी बापाला, भावाला लागतं. त्यात आम्ही प्रोटेस्टंट लोक मेणबत्त्या आणि पुतळ्यांवरून कॅथलिक शेजाऱ्यांना चिमटे काढतो. घरात ते हसण्यावारी जातं, उपासनेत नाही. आणि नाताळच्या कार्यक्रमाला आलेल्या हिंदू शेजाऱ्यांच्या देवघरावरून कोणी विनोद केला, तर त्या दिवसापुरतं तरी तुमचं शुभवर्तमान संपलं असं समजा. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे मरियामातेला, हिंदूही तेल आणि फुलं घेऊन जातात, तिला लईराई देवीची बहीण मानतात. धर्मशास्त्राचा वाद बाजूला ठेवा. इथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या दारात जात आली आहेत, तेव्हा विनोद करणाऱ्यानेही चपला काढूनच आत जावं.

मग हसायचं कोणावर? स्वतःवर. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवा. त्यांच्या हसण्याच्या कचाट्यातून रेव्हरंड टिळक सुटत नाहीत, पण लक्ष्मीबाई स्वतःलाही सोडत नाहीत. म्हणून कोणाला ते बोचत नाही. मी आता माझी तराजूची फजितीच सांगते. मावशीची परवानगी घेऊन.

परवानगीवरून आणखी एक. माझा मुलगा सातवीत असताना घरात काही बोलला की रविवारी ते संदेशात यायचं. सगळे हसायचे, तोही हसायचा. मग हळूहळू त्याने मला काही सांगणंच बंद केलं. "आई, हे रविवारी सांगणार नसशील तर सांगतो," ही अट तो अजून घालतो, आणि आता तो कॉलेजात आहे. प्रार्थनेसाठी कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट नाव बदलूनही वापरू नका. आमच्या पंचवीस घरांत नाव बदलून काही लपत नाही.

प्रत्येक खिळ्याला अर्थ

आमच्याकडे एका पाहुण्या वक्त्याने फेरीबोटीचा फार सुंदर दाखला दिला होता. (दाखला म्हटल्यावर मागे बसलेल्या काकांनी "रहिवासाचा की उत्पन्नाचा?" विचारलं, ते असो.) मांडवीवरची फेरी. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. तुम्ही नुसतं चढायचं, पलीकडे उतरायचं. "फुकट आहे," वक्ते म्हणाले, "पण डिझेल फुकट नाही. कोणीतरी भरलेलं आहे." सगळे एकदम गप्प झाले. कृपा म्हणजे काय हे मला इतक्या कमी शब्दांत कोणी समजावलं नव्हतं.

ते तिथेच थांबले असते तर! पण मग फेरीचा चालक म्हणजे ख्रिस्त झाला, लोखंडी रॅम्प म्हणजे पश्चात्ताप, लाइफ जॅकेट म्हणजे दहा आज्ञा, भरती म्हणजे पवित्र आत्मा, आणि मग कोणीतरी हळूच विचारलं, ओहोटी लागली तर? वीस मिनिटांनी कृपेचं नाव कोणाच्या लक्षात नव्हतं, ओहोटीचं मात्र होतं.

हा मोह मोठमोठ्यांना सुटला नाही. संत ऑगस्टीनने चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याच्या, दाखल्यात जखमी माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि उतारशाळेचा मालक म्हणजे प्रेषित पौल असा अर्थ लावला होता. बुद्धी अफाट, पण येशूला विचारलेला प्रश्न होता, "माझा शेजारी कोण?" तोच त्यात हरवतो. एका गोष्टीत एकच गाठ बांधा. दुसरी सुचली तर पुढच्या महिन्यासाठी ठेवा.

हशा झाला, पुढे काय?

लक्षण: उपासना सुटल्यावर लोक विनोद एकमेकांना पुन्हा सांगतात, पण तो कशासाठी सांगितला हे कोणालाच आठवत नाही.

यावर औषध आपल्याच परंपरेत आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान रंगतं, आणि बुवा कितीही लांब गेले तरी शेवटी त्याच अभंगापाशी परत येतात. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी हाच साचा घेतला. आमच्या आजोळी म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "आख्यान वाहून गेलं तरी पद हातात राहायला हवं." मी तयारी उलटी करते. परतीचं वाक्य आधी लिहिते, मग गोष्ट. परतीचं वाक्य सुचत नसेल तर गोष्ट कितीही गोड असो, ती जेवणाच्या टेबलावर सांगायची.

सां जांवचंच घ्या, म्हणजे गोव्यातल्या संत योहानाच्या सणाचं. २४ जूनला पोरं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. संडे स्कूलमध्ये मी विचारलं, उड्या का मारतात? "पाऊस येतो म्हणून." "जावयाला ढकलायचं म्हणून." हेही चूक नाही म्हणा. पण लूक १:४१ वाचून दाखवलं, की मरियेचं अभिवादन ऐकताच अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली आणि ते बाळ म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, तेव्हा एका मुलीने विचारलं, "म्हणजे तो पहिला सां जांव आईच्या पोटातल्या विहिरीत?" मी पुढे काही बोलले नाही. बोलायला काही उरलंच नव्हतं.

शास्त्रातलाच विनोद झोपवणं

आपण बाहेरून विनोद आणत बसतो आणि आतला विनोद मयताच्या आवाजात वाचतो, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

मत्तय ७ मधलं कुसळ आणि मुसळ. मराठीत ही म्हण इतकी मुरली आहे की त्यातलं चित्र दिसेनासं झालंय. मी एकदा वर्गात खरंखुरं मुसळ नेलं आणि एका मुलाला म्हटलं, हे डोळ्यापाशी आडवं धर आणि दारातून आत येऊन मित्राच्या डोळ्यातलं कुसळ काढ. तो दारातच अडकला. मग वाकडा झाला, मग दोघांना लागलं. (मऊ फडकं गुंडाळून न्या. मी नेलं नव्हतं.) त्या वर्गाला ते वचन पुन्हा शिकवावं लागलं नाही.

मत्तय १८ मधल्या निर्दय चाकराचं कर्ज दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार फळ्यावर करा: सहा कोटी दिवस. रविवार न पाळता राबलं तरी एक लाख चौसष्ट हजार वर्षं. आणि हा गुडघ्यावर बसून म्हणतो काय, तर थोडा दम धरा, सगळं फेडतो! वाण्याची तीन महिन्यांची उधारी थकवणारे आमचे लोक इथे हमखास हसतात. मग धन्याने सगळं माफ केल्यावरही शंभर दिनारांसाठी त्याने दुसऱ्याचा गळा धरला हे वाचलं की हसू गळ्यातच अडकतं. ते तसंच अडकू द्या. लगेच स्पष्टीकरणाचं पाणी पाजायला जाऊ नका.

आणि लांबलचक बोलणाऱ्यांसाठी प्रेषितांची कृत्ये २०. त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तेव्हा मेलेला होता. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत असल्याचं सांगितलं, वर येऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलला. पौलाला ते शोभलं. आपण कोणाला उठवू शकत नाही, तेव्हा पंचवीस मिनिटं पुरेत.

थोडक्यात आणखी दोन

व्हॉट्सॲपवर आलेली गोष्ट "खरी घडलेली घटना" म्हणून सांगू नका. नास्तिक प्राध्यापक आणि हुशार विद्यार्थी, मरून परत आलेला डॉक्टर, ही मंडळी दर वर्षी नव्या देशात जन्म घेतात. येशू "एक मनुष्य होता" म्हणून सुरू करायचा, गावाचा पत्ता मागायला कोणी जात नसे. गोष्ट आहे, असं सरळ सांगा. एक खोटी साक्ष उघडी पडली की तुमच्या खऱ्या साक्षीवरही लोक डोळे बारीक करतात.

आणि मयताच्या घरी विनोद आपण सुरू करायचा नाही. घरचेच गेलेल्याची एखादी गंमत काढतात, तेव्हा त्यांच्याबरोबर हसावं. लाजराच्या कबरेपाशी येशूही रडलाच होता, आणि आपण लाजराला पुन्हा जिवंत करणार हे त्याला तर माहीत होतं.

हल्ली मी रविवारची गोष्ट शनिवारी बाजारात मावशीला सांगून बघते. ती परत यायला लागली त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या शनिवारी वेर्ल्यांचा वाटा घेताना एक नवी गोष्ट सांगितली, मला स्वतःला फार आवडलेली. तिने ऐकली, सुरी धुतली, गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजून दिले. "मगे?" म्हणाली.

मगे काही नव्हतं. रविवारी मी दुसरी सांगितली.