काम तोंडी घेऊ नका: मराठवाड्यात स्वतःचं इंजिनिअरिंग ऑफिस चालवताना या चुका टाळा

नोकरी सोडून लातूर, परभणी, नांदेडकडं स्वतःचं ऑफिस टाकणारी पोरं भेटायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कामं मिळतील का?" कामं मिळतात. पोरगा इंजिनिअर झाला म्हटलं की भावकीतली, पाहुण्यांतली दोन-तीन घरं पहिल्याच वर्षी दारात येतात. ऑफिस अडचणीत येतं ते ही कामं तोंडी घेतल्यामुळं. मी लातुरात स्ट्रक्चरल डिझाइनचं ऑफिस चालवतो आणि इथं लिहिलेलं बरंचसं स्वतः सोसलेलं आहे.

"आपलंच घर आहे, फीचं बघू नंतर"

हे वाक्य मालक क्वचित बोलतो, बहुतेक वेळा आपणच बोलतो. मामाच्या घराचं डिझाइन, पैसे कसे मागायचे? पण त्याच घरावर गवंड्याला दर बाजाराच्या दिवशी पैसे मिळतात, कारण त्याचा दर पहिल्या दिवशी ठरलेला असतो. आपला ठरलेला नसतो म्हणून तो शेवटी निघतो आणि तोवर फरशी, रंग आणि वास्तुशांतीत मालकाचा हात रिकामा झालेला असतो. मालक लबाड नसतो, त्याला आकडाच कुणी सांगितलेला नसतो.

पहिल्या बैठकीतच फी आकड्यात सांगा, बयाणा घ्या आणि बाकीचे हप्ते टप्प्यांना बांधा: एक फूटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या) ड्रॉइंगआधी, एक पहिल्या स्लॅबच्या ड्रॉइंगआधी. हप्ता मागायचा तो टप्पा सुरू होण्याआधी. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबचा साचा, ठोकून झाल्यावर ड्रॉइंग अडवून धरलं तर मिस्त्री अंदाजानं सळई बांधून मोकळा होतो आणि धोका त्या घरात राहणाऱ्यांना उरतो. हे कधीही करू नका.

मालक शेतकरी असेल तर तारखा पिकाप्रमाणे ठरवा. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास बाजारात येतं, उसाचं बिल त्यानंतर. जूनमध्ये बी-बियाण्याची, खताची धावपळ चालू असताना तगादा लावला तर पैसे येत नाहीत, संबंध मात्र बिघडतात. "सोयाबीन विकलं की देतो साहेब" हे बहुतेक वेळा खरंच असतं. कोणत्या महिन्यात आणि किती, एवढं कागदावर घ्या.

जुनी थकबाकी असेल तर फोनवर मागत बसू नका. घरी जा, चहा घ्या, रक्कम कबूल करून घ्या, हप्ते पाडा आणि तिथंच बसून व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. त्यांचं "हो" आलं की उठा.

साइटवर किती वेळा जायचं, हे न लिहिणं

इथं माझी सगळ्यात मोठी चूक झाली. काळ्या मातीतलं दुमजली घर होतं. ड्रॉइंगवर मी "फूटिंग मुरमावरच" असं लिहिलं होतं, पण खोदाई बघायला मला बोलवायचं आणि मी बघितल्याशिवाय काँक्रीट टाकायचं नाही, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. गुत्तेदारानं चार फुटांवर खोदाई थांबवली. खाली काळी मातीच होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघाल्या, दारं घट्ट बसली, आणि मालक माझ्या सहीचं ड्रॉइंग घेऊन ऑफिसात आले. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. दुरुस्तीची देखरेख मी चार महिने फी न घेता केली.

काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते, आणि हलकं घर तिच्याबरोबर वर-खाली होतं. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खाली फुगीर बुंधा असलेल्या खोल काँक्रीट खांबांचा, विचार करा. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं त्यावर बरंच काम केलेलं आहे. भेगा पडल्याच असतील तर लगेच सिमेंट भरू नका. आधी जोत्याजवळ मुरणारं पाणी तोडा: न्हाणीचं सांडपाणी, पत्र्याची पागोळी, भिंतीलगतची झाडं. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा बघा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे.

आता माझ्या करारात भेटी नावानिशी असतात: आखणी, खोदाई, प्लिंथ बीम (जोत्याची तुळई), प्रत्येक स्लॅबची सळई. जास्तीच्या भेटीचे पैसे वेगळे. परत निघण्याआधी गाडीत बसूनच काय बघितलं, काय बदलायला सांगितलं, ते मालक आणि गुत्तेदार दोघांना पाठवतो.

उन्हाळ्यातल्या स्लॅबचंही असंच. इथं उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसते, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडं पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट सर्रास वापरतात, आणि उष्ण, कोरड्या हवेत अशा सिमेंटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं १४ दिवस पाणी मारायचं असतं. टँकरची सोय झालेली नसेल तर स्लॅबची तारीख पुढं ढकला, आणि तसं लेखी कळवा.

बिल्डरकडं अडकलेली फी

टॅक्स इनव्हॉइस काढलं की १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणून करारातच बिलाचे टप्पे ठरवा आणि काम सुरू करण्याआधी प्रोफॉर्मा, म्हणजे नुसतं मागणीचं कच्चं बिल, पाठवा. बिल्डरनं फीतून कापलेला १० टक्के टीडीएस खरंच भरलाय का, हे दर तिमाहीला २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या करकपातीच्या उताऱ्यात, तपासा. आणि काम घेण्याआधीच सरकारकडं लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पैसे थकले तर तक्रार सुविधा परिषदेकडं, म्हणजे अशा थकबाकीसाठीच्या सरकारी मंडळाकडं, करता येते.

"डिझाइन झालंय, फक्त सही द्या"

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हजारो माणसं आपल्याच घरांच्या दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. हे माहीत असलेल्या माणसानं न तपासलेल्या ड्रॉइंगवर सही करू नये. ओळखीचा माणूस दुसऱ्यानं केलेलं ड्रॉइंग घेऊन सहीला आला तर मी म्हणतो, "दादा, दोन दिवस द्या, गणित बघून देतो." नको म्हणाला तर जाऊ द्या.

अशी सही आधीच दिली असेल तर आजच साइटवर जा. काम चालू असेल तर कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीची आडवी कडी) बघा: अंतर किती आहे, हूक १३५ अंशात आत वळवलेत की नुसते ९० वर सोडलेत. मग गणित नव्यानं मांडा आणि जे कमी निघेल ते मालकाला लेखी कळवा, दुरुस्तीच्या स्केचसह.