लो बॉनेट घेऊन लांब निघण्याआधी

दर डिसेंबरात मी पुण्याहून गोव्याला जीपने जातो. जीप म्हणजे १९४४ ची फोर्ड जीपीडब्ल्यू, आपल्याकडे जिला सगळे सरसकट ‘लो बॉनेट विलीज’ म्हणतात ती. १९४१ ते १९४५ या काळात, दुसऱ्या महायुद्धासाठी, विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा ६ लाखांहून जास्त जीपा काढल्या आणि दोघींचे बहुतेक भाग एकमेकींना बसतात. फोर्डवाल्यांनी मात्र बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ ठोकून ठेवलाय. वाद घालायला आलेल्याच्या हातात मी टॉर्च देतो.

तिने लढाई बघितलीय, हायवेचं काय घेऊन बसलास, असं लोक म्हणतात. उलटं आहे. चिखलात ती दहा मिनिटं जोर लावते आणि मग दम खाते. हायवेवर आपण तिला सलग चार तास दम खाऊ देत नाही. इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० हॉर्सपॉवर, पिस्टनचा व्यास ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११, म्हणजे पिस्टनला वरखाली लांब धावावं लागतं. गिअर तीनच, आणि अ‍ॅक्सलचं प्रमाण ४.८८, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टच्या जवळपास पाच फेऱ्या. ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला २,२०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, ८० ला २,९०० च्या. कंपनीने कमाल वेग १०० च्या थोडा पुढे लिहिलाय, तो वाचून विसरायचा. मी ५५ ते ६० धरतो. तयारीच्या यादीतली पहिली गोष्ट ही, आणि ती जीपमध्ये नाही, उजव्या पायात आहे. मागून येणारे हॉर्न मारून कंटाळतात.

तीन आठवडे आधी चाकांपासून सुरुवात करा. चारही ड्रम उतरवून आत ओल आहे का बघायची. ब्रेकची लाइन एकच आहे, एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला. ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर पायाखाली फरशीच्या खाली आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. झाकण उघडून तेल बघा. मग पुढची दोन्ही चाकं उचलून वरखाली हलवून बघायची. किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगला ढील असेल तर पन्नाशीच्या पुढे एखादा खड्डा लागताच स्टेअरिंग असं थरथरायला लागतं की दात वाजतात. ते टायरच्या बॅलन्सिंगने जात नाही. मी दोन वर्षं बॅलन्सिंगच करत बसलो होतो. स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलना (टोकाच्या कड्यांना), टाय रॉडला, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीसगन मारायची, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) या दोघांचं तेल आतल्या आत इकडून तिकडे जातं, म्हणून दोन्हीकडची पातळी एकाच वेळी बघा. आणि गिअरबॉक्समध्ये ‘जीएल-५’ दर्जाचं गिअर तेल घालू नका, गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही.

आता पाणी आणि पेट्रोल, कारण रस्त्यावर उभ्या राहिलेल्या जुन्या जीपांपैकी बहुतेक या दोघांमुळे उभ्या असतात. रेडिएटर बाहेरून चकचकीत असला तरी आत गाळ असतो. काढून उलट्या बाजूने पाणी सोडा. होजपाइप दाबून बघा, मऊ लिबलिबीत लागला तर फेका. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, आणि जुन्या रबराला ते खातं. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायाफ्राम (आतला पडदा) आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घाला, एक डायाफ्राम जास्तीचा ठेवा. या पेट्रोलची वाफही लवकर होते. खंबाटकीचा जुना घाट चढून वर चहाला थांबलात की परत सुरू करताना इंजिन दोनदा खोकून गप्प बसतं. घाबरायचं नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकायचं, दुसरा कप मागवायचा. फडकं आणि पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या हाताशी हवी, मागच्या सामानाखाली नको.

टाकी सीटखाली आहे. पेट्रोल पंपावर ड्रायव्हरने खाली उतरायचं, गादी उचलायची, मग झाकण. पंपावरचा मुलगा तोवर मागे फिरून झाकण शोधत असतो. टाकी ५७ लिटरची, मला हायवेला लिटरला ८ किलोमीटर मिळतात, पण मी २५० झाले की भरतो. काट्यावर माझा विश्वास नाही. खुणा केलेली लाकडी पट्टी जास्त खरं बोलते.

चाकांबद्दल दोन गोष्टी जपून ऐका. पहिली, डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. साताऱ्याच्या पुढे एका पंक्चरवाल्याच्या पोऱ्याने डावं चाक नेहमीच्या सवयीने खोलायला घेतलं. नट हलेना, म्हणून तो व्हीलपान्यावर चढून उभा राहिला. कट्ट करून आवाज आला आणि स्टड त्याच्या पायाशी. मी चहा आणायला गेलो होतो, म्हणजे चूक माझी. तेव्हापासून मी डाव्या चाकांवर पांढऱ्या रंगाने बाण काढलेत आणि पंक्चर काढताना हलत नाही. दुसरी, तुमच्या जीपला दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली ‘कॉम्बॅट’ रिम असेल तर हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिमच्या त्या नटांना कुणालाही हात लावू देऊ नका. आतली हवा रिमचे दोन भाग तोफेसारखे फेकते. वाल्व्हची पिन काढून, त्यात तार घालून बघा, मगच पाना. पंक्चरवाल्याने अशी रिम पाहिलेली नसते, त्याला आधी सांगायचं, नंतर नाही.

जॅक लावतानाची गोम वेगळीच. या जीपचा हँडब्रेक चाकाला लागत नाही, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टला लागतो. मागचं एक चाक उचललंत की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही जीप जॅकवरून घरंगळू शकते. दोन लाकडी पाचरी नेहमी बरोबर. माझ्या सागवानाच्या आहेत, जुन्या दाराच्या चौकटीतून काढलेल्या, बायकोला अजून माहीत नाही.

हत्यारं इंची लागतात. गॅरेजमध्ये मिलिमीटरचे पाने असतात. १/२ इंची नटाला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या झटक्याला कोपरे गोल करतो. ७/१६, १/२, ९/१६ हे तीन स्वतःचे ठेवा, उसने देऊ नका. सुट्या भागांत प्लगला ठिणगी पुरवणारे सीबी पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर, दोन प्लग, फॅनबेल्ट, वॉटरपंप, होजच्या क्लिपा, तार, एम-सील, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. वॉटरपंपासारखे काही भाग महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपांचे बसतात, कारण त्यांचं इंजिन याच घराण्यातलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारली तर काही ना काही हाती लागतं. मात्र कंडेन्सर नवा घेतलात तरी जुना चालू स्थितीतला फेकू नका. नवे कधीकधी पन्नास किलोमीटरही टिकत नाहीत.

वीज ६ व्होल्टची. हायवेवर तुम्हाला ६ व्होल्टची बॅटरी कुणी देणार नाही, आणि १२ व्होल्टची केबल लावायला मदतीला धावणारे दहा जण भेटतील, त्यांना हसून नको म्हणा. बॅटरी बसली तर हँडल आहे. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटला पाहिजे, अंगठा तुटायला नको. हेडलाइटची एक गंमत आहे. पाकळीचा नट सैल करून दिवा उलटा वळवला की प्रकाश बॉनेटखाली इंजिनावर पडतो. दुरुस्तीला झकास. रस्त्यावर मात्र त्याच्यापुढे मेणबत्ती बरी. डिसेंबरात कराडपासून कोल्हापूरपर्यंत उसाच्या ट्रॉल्या चालू असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. म्हणून उजाडल्यावर निघायचं, अंधारापूर्वी कोल्हापूर. दिवसा त्याच ट्रॉल्या आपल्या वेगाच्या सोबती.

कागदपत्रं पटकन. इन्शुरन्स, पीयूसी, आणि नोंदणीची मुदत. माझी जीप जुन्याच नंबरवर आहे, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ज्यांनी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर घेतलाय त्यांना मनाला आलं म्हणून गोवा गाठता येत नाही. ती गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची असते, तेव्हा रॅलीचं पत्र बरोबर हवं. आणि रंग. ऑलिव्ह ग्रीन हा आपल्याकडे फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा रंग आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम. माझी राखाडी आहे. बॉनेटवर अमेरिकी सैन्याचा पांढरा तारा काढायचा मोहही मी आवरलाय.

स्टेअरिंग डावीकडे, आणि कायद्याने अशा गाडीला चालू स्थितीतलं सिग्नलचं साधन असावंच लागतं. पण खरा प्रश्न ओव्हरटेकचा. समोरचं दिसतं ते शेजारच्याला. पहिल्या फेरीत मित्र ओरडला, ‘आहे!’ मला वाटलं जागा आहे. त्याला म्हणायचं होतं ट्रक आहे. आता आमच्यात दोनच शब्द, ‘जा’ आणि ‘थांब’. टोलनाक्यावर खिडकी उजवीकडे असते, फास्टॅग वाचला गेला नाही तर बोलायचं कामही त्याचंच. तेव्हा शेजारी बसणारा माणूसही तयारीतच धरा. झोपणारा नको.

आठवडाभर आधी एकदा शिरवळपर्यंत जाऊन परत या, शंभरेक किलोमीटर होतात. घरी आल्यावर चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळा, थोडे तरी फिरतातच. टायरमध्ये मी ३२ हवा ठेवतो. डांबरावर फोर बाय फोर टाकायचं नाही, आंबोलीच्या उतारावरही नाही. तिथे दुसरा गिअर आणि धीर. कानात बोळे, डोक्याला टोपी नको, उडते, फडकं बांधा.

निघायच्या आदल्या रात्री जीपखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवतो. सकाळी चहाच्या आधी तो बाहेर ओढायचा. इंजिनाच्या मागच्या टोकाखाली काळे दोनचार ठिपके असले तर ठीक, ते माझ्याकडे कायम असतात. पुढच्या टोकाखाली पाणी असेल तर क्लिप आवळून अर्धा तास थांबायचं. चाकाच्या आतल्या बाजूला फिक्कट, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग दिसला तर तो ब्रेकचा. मग बॅगा परत घरात न्यायच्या.