अ‍ॅडमिनची यादी देणाऱ्या टूलची माहिती एआय एजंटसाठी कशी लिहावी

कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोणाकोणाला हात घालता येतो, हा प्रश्न एरवी कुणाला सुचत नाही. कुणी नोकरी सोडून गेलं किंवा ऑडिट तोंडावर आलं की मात्र शोधाशोध सुरू होते. हल्ली हे काम एआय एजंटवर सोपवलं जातं. एजंट तुम्ही दिलेलं टूल चालवून यादी मागवतो. ते टूल कधी वापरायचं आणि आलेल्या यादीतून काय समजायचं, हे तो मुख्यतः टूलसोबतच्या चार ओळींवरून ठरवतो. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एमसीपी या एजंटला टूल जोडण्याच्या पद्धतीत, टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा असतो. यातलं वर्णनच बहुतेक जण शेवटी घाईघाईत उरकतात.

उदाहरणाला सिस्को मेराकीचा डॅशबोर्ड, म्हणजे कंपनीची नेटवर्कं इंटरनेटवरून सांभाळायची सोय, घेऊ. त्याच्या एपीआयमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती मागता येते त्या दारात, एका ऑर्गनायझेशनचे (कंपनीच्या मेराकी खात्याचे) अ‍ॅडमिन देणारी सोय आहे.

आधी खरं उत्तर बघा

लिहायला बसण्याआधी ती विनंती स्वतः एकदा पाठवा आणि काय परत येतं ते वाचून काढा. प्रत्येक माणसामागे नाव, ईमेल, दुहेरी पडताळणी चालू आहे का, एपीआय की (एपीआय वापरायची गुप्त किल्ली) आहे का, शेवटचा वावर कधीचा आणि खात्याची स्थिती अशी माहिती येते. त्याशिवाय अधिकाराच्या तीन वेगवेगळ्या जागा असतात. खरी गोम तिथे आहे.

यादीचा अर्थ स्पष्ट लिहा

समजा कुणी विचारलं, ‘नाशिक शाखेच्या नेटवर्कचे अ‍ॅडमिन कोण?’ एजंट प्रत्येक अ‍ॅडमिनचा ‘नेटवर्क्स’ हा रकाना बघेल, त्यात नाशिक दिसलं की ते नाव उचलेल आणि दोन नावं सांगून मोकळा होईल. उत्तर चूक. कारण ज्याला संपूर्ण ऑर्गनायझेशनचा पूर्ण अधिकार आहे, त्याच्यापुढचा ‘नेटवर्क्स’ रकाना रिकामाही असू शकतो, तरी सगळी नेटवर्कं त्याच्या हातात असतात. तिसरा प्रकार टॅगचा: नाशिकच्या नेटवर्कला एखादा टॅग, म्हणजे गट ओळखायची चिठ्ठी, लावलेला असेल आणि कुणाला त्या टॅगवर अधिकार दिलेला असेल, तर तोही आत आला. म्हणजे सर्वांत ताकदवान माणसंच यादीतून निसटतात, आणि उत्तर मात्र अगदी खात्रीच्या सुरात येतं.

म्हणून ‘नेटवर्क अ‍ॅडमिनची यादी मिळवते’ एवढ्यावर भागत नाही. त्याऐवजी असं काही लिहा:

‘एका ऑर्गनायझेशनचे सर्व डॅशबोर्ड अ‍ॅडमिन देते. एखाद्या नेटवर्कवर कोणाचा अधिकार आहे हे ठरवताना ऑर्गनायझेशनचा अधिकार, नेटवर्क्स आणि टॅग हे तिन्ही तपासा. फक्त बघण्याचा अधिकार असलेले वेगळे दाखवा. एसएएमएलमार्फत लॉग इन करणारे या यादीत नसतात.’

शेवटचं वाक्य गाळू नका. एसएएमएल म्हणजे कंपनीच्या एकाच सामाईक लॉगिनने आत येण्याची पद्धत; तिच्या भूमिका एपीआयमध्ये वेगळ्या ठिकाणी असतात. त्यासाठी दुसरं टूल असेल तर त्याचं नाव इथेच द्या. वर्णन मराठीत लिहायला माझी हरकत नाही, पण फील्डची नावं एपीआयमध्ये आहेत तशीच ठेवा. तिथे भाषांतराचा उत्साह महागात पडतो.

चुकांचं काय करायचं तेही सांगा

तुमच्या कीला त्या ऑर्गनायझेशनमध्ये प्रवेशच नसेल तर मेराकी ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ हा त्रुटीचा कोड, देतं. त्यावरून ‘एकही अ‍ॅडमिन सापडला नाही’ असा निष्कर्ष काढायला एजंटला वेळ लागत नाही. ‘४०४ म्हणजे रिकामी यादी नव्हे, आयडी आणि कीचे अधिकार तपासायला सांगा’ असं स्पष्ट लिहा. ४२९ आला तर विनंत्या फार भराभर गेल्या; उत्तरासोबत किती सेकंद थांबायचं ते येतं, तेवढं थांबायचं.

अधिकार आणि खासगी माहिती

हे टूल फक्त वाचतं, काही बदलत नाही, अशी खूण एमसीपीमध्ये करता येते. ती जरूर करा, पण ती नुसती सूचना आहे, कुलूप नव्हे. खरी अडवणूक फक्त वाचण्याचा अधिकार असलेल्या खात्याच्या कीनेच होते. ईमेल ही व्यक्तिगत माहिती आहे आणि भारतात त्यासाठी २०२३ चा कायदा आहे, त्यामुळे गरज नसेल तिथे टूलमधूनच ईमेल गाळून पाठवा. आणखी एक: नावाच्या रकान्यात कुणीही काहीही टाइप करू शकतं, अगदी एजंटला उद्देशून हुकूमसुद्धा. तिथला मजकूर माहिती म्हणून वाचायचा, आज्ञा म्हणून नव्हे, हे वर्णनात लिहा.

शेवटी प्रश्न विचारून बघा

ज्यांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत आहेत असे प्रश्न घ्या. नाशिकचं नेटवर्क कोण बदलू शकतं? दुहेरी पडताळणी कोणाची बंद आहे? एपीआय की असूनही बऱ्याच दिवसांत कोण फिरकलेलं नाही? उत्तर चुकलं तर आधी वर्णन सुधारा, मॉडेल बदलायचा विचार नंतर. हेच प्रश्न जपून ठेवा आणि एपीआयमध्ये किंवा वर्णनात काही बदललं की पुन्हा विचारा.