कुत्र्यानं नको ते गिळलं, तर काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही

मागच्या मे महिन्यात आईनं आमरसाला सहा हापूस पिळले. बाठ्यांची ताटली ओट्याच्या कडेला ठेवली आणि बेल वाजली म्हणून दार उघडायला गेली. परत आली तेव्हा ताटलीत पाच बाठे होते आणि आमचा बंड्या ओठ चाटत उभा होता. ‘पडेल सकाळी शीतून,’ असं घरातल्या प्रत्येकानं प्रत्येकाला सांगितलं. तो पडला नाही. चौथ्या दिवशी ऑपरेशन करून बाठा काढावा लागला, आणि तोवर आतड्याचा बोटभर भाग काळा पडला होता, तोही कापावा लागला. त्या चार दिवसांत आम्ही काय करायला हवं होतं, ते मी नंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. तेच इथं लिहिते आहे.

आधी श्वास बघा

कुत्रा खोकत असेल, तर हवा आत-बाहेर जाते आहे. त्याला खोकू द्या. आवाजच निघत नसेल, पंजानं तोंड ओरबाडत असेल, जीभ निळसर पडत असेल, तर मात्र वस्तू घशात अडकली आहे. जबडा उघडा आणि वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच काढा. न बघता बोटं आत घातलीत तर ती आणखी खाली जाते. दिसत नसेल तर छोट्या कुत्र्याला मागच्या पायांनी उचलून डोकं खाली करा. मोठा असेल तर मागून पोटाला मिठी मारा, शेवटच्या बरगडीच्या खाली मूठ ठेवा आणि आत व पुढच्या दिशेनं चार-पाच जोरदार झटके द्या. वस्तू निघाली तरी डॉक्टरांना दाखवाच.

मग पुरावा गोळा करा

उरलेलं त्याच्यापुढून काढा आणि त्याला दुसऱ्या खोलीत न्या. चघळलेलं खोकं, फाटलेली स्ट्रिप, बाटलीचं लेबल, जे हाती लागेल ते प्लास्टिकच्या पिशवीत भरा. फेकू नका, डॉक्टरांना तेच लागतं. गोळ्या असतील तर स्ट्रिपमध्ये उरलेल्या मोजा, सोफ्याखाली गेलेल्या शोधा. हिशोब लागत नसेल तर सगळ्या पोटात गेल्या असं धरून चाला.

लगेच फोन करा. रडत-रडत सगळी कथा सांगण्यात वेळ जातो, म्हणून एवढंच सांगा: ‘कुत्रा, 17 किलो, अर्ध्या तासापूर्वी, उंदीर मारायच्या औषधाचा केक, साधारण अर्धा, पाकिटावर ब्रोमाडिओलोन लिहिलंय, अजून उलटी नाही.’ काय, किती, कधी आणि कुत्र्याचं वजन, या चार गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं.

तो मजेत शेपूट हलवतो आहे म्हणून थांबू नका. बरीच विषं पहिल्या दिवशी काहीच दाखवत नाहीत.

घरी उलटी काढू नका

बाठ्याच्या दिवशी शेजारच्या काकू धावत आल्या होत्या. ‘अगं, मिठाचं पाणी पाज, लगेच ओकेल.’ त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण हा उपाय कुत्र्याच्या जिवावर उठू शकतो. त्या मिठानं रक्तातलं सोडियम वाढतं, मग झटके येतात, मेंदूवर परिणाम होतो. घशात बोटं घालणं, तेल पाजणं, दूध पाजणं, यातलं काहीही करू नका. इंटरनेटवर हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायला सांगतात. त्या परदेशी लेखांतलं माप 3 टक्के तीव्रतेच्या द्रावणाचं असतं आणि आपल्या केमिस्टकडे बहुतेक वेळा 6 टक्क्यांचं मिळतं. त्यानं पोटाचं अस्तर भाजू शकतं.

डॉक्टरांकडे इंजेक्शन असतं, त्यानं काही मिनिटांत पोट रिकामं होतं. त्याचा खरा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांत. म्हणजे घरी प्रयोग करण्यात घालवलेला अर्धा तास त्या दोन तासांतून जातो.

आणि काही वेळा डॉक्टरही उलटी काढत नाहीत. टॉयलेट क्लीनर, ॲसिड, फिनेल, ब्लीच किंवा सेल गिळला असेल तर वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल, टर्पेंटाइन असेल तर ते फुप्फुसात उतरतं. सुई, काच, खिळा असेल, किंवा कुत्रा गुंगीत असेल, तरीही नाही. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर डॉक्टर फार जपून ठरवतात.

उंदराचं औषध

मुंबईत याच्यावर थोडं जास्त लिहायला हवं. पावसाळा आला, लेप्टोची (उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाची) भीती आली की सोसायट्या डक्टमध्ये, पार्किंगमध्ये, जिन्याखाली औषध टाकतात. नोटीस असेलच असं नाही. वॉचमनला विचारून ठेवा: कुठं टाकलंय, कोणतं टाकलंय, पाकीट आहे का. सेक्रेटरींना सांगा, औषधाचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लावा.

दोन प्रकार मुख्य आहेत आणि दोघांचं वागणं अगदी वेगळं. निळे-हिरवे-गुलाबी केक बहुधा ब्रोमाडिओलोनसारख्या औषधाचे असतात. ते रक्त गोठू देत नाही. पहिले तीन-चार दिवस कुत्रा खातो, खेळतो. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, नाकातून किंवा शीतून रक्त येतं. वेळेत गेलात तर यावर खात्रीचा उपाय आहे, व्हिटॅमिन के-1. गोळ्या तीन-चार आठवडे चालतात. कुत्रा बरा दिसतो म्हणून मध्येच थांबवू नका, आणि कोर्स संपल्यावर 48 ते 72 तासांनी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या.

दुसरी काळपट राखाडी पूड, झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की फॉस्फीन वायू तयार होतो, आणि याला उतारा नाही. इथं एक-एक मिनिट मोलाचं. खायला काही देऊ नका, अन्नानं आम्ल वाढतं. कुत्रा ओकला आणि लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास आला, तर गाडीच्या सगळ्या काचा खाली करा. तो वायू तुमच्यासाठीही विषारी आहे.

कपाटात आणि ओट्यावर

डांबरगोळी खाल्ली असेल तर दूध-तूप बिलकूल नको, स्निग्ध पदार्थानं ती लवकर शोषली जाते. गोळी कशाची आहे ते कळत नसेल तर उरलेली एक साध्या पाण्याच्या पेल्यात टाका. तरंगली तर कापूर. बुडाली तर चिमटी-चिमटीनं मीठ विरघळवत जा. दाट खारट पाण्यात वर आली तर नॅप्थलीन, नाहीच आली तर बहुधा दुसरं रसायन. ही परीक्षा घरातल्या दुसऱ्या माणसानं करावी आणि फोनवर कळवावी. तुम्ही कुत्र्याला घेऊन निघा.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या रोजच्या गोळ्या कुत्र्याला घातक आहेत. अंग गरम लागलं म्हणून स्वतःहून तर कधीच देऊ नका. बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंड निकामी करू शकतात आणि किती खाल्ल्यावर, ते कुत्र्यागणिक बदलतं. शुगर-फ्री च्युइंगगममध्ये साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलनं अर्ध्या तासात रक्तातली साखर उतरू शकते. डार्क चॉकलेट दुधाच्या चॉकलेटपेक्षा बरंच वाईट. रिमोटमधला चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर तासाभराच्या आतच जखम करू लागतो, म्हणून सकाळची वाट बघायची नाही.

कुठं आणि कसं न्यायचं

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुन्या मुंबईकरांना ‘बैलघोडा’ म्हणून ठाऊक आहे. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, तिथं रात्रीही तातडीचे उपचार मिळतात. पण तुम्ही बोरिवलीत किंवा मुलुंडला असाल तर आधी जवळचा दवाखाना गाठा, उलटीचं इंजेक्शन आणि सलाईन तिथं मिळालं की मग पुढं. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. रिक्षा सायन-माहीमच्या पुढं जात नाही, परळला जायचं तर टॅक्सीच लागेल. जुनी चादर आणि दोन टॉवेल सोबत घ्या, ड्रायव्हरला आधी सांगा की कुत्रा आजारी आहे. ओकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधू नका.

बाठा, हाडं, मोजे, दोरा

विष नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो ते इथं. बाठा पोटात विरघळत नाही, पुढं सरकतो आणि लहान आतड्यात अडकतो. मक्याच्या कणसाचा बुडखा, पायमोजा, रबरी चपलेचा तुकडा यांचंही तसंच. बंड्या दुसऱ्या दिवशी दोनदा ओकला, आम्ही उन्हाळा म्हटलं. तिसऱ्या दिवशी पाणीसुद्धा टिकेना. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून तो तसाच थांबायचा, आम्हाला वाटलं आळस देतोय. ती पोटदुखीची खूण होती. वारंवार उलट्या, जेवणाला तोंड न लावणं, शी न होणं, असं मागचा भाग वर करून थांबणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. काही बाठे पोटात आठवडाभर गप्प बसून मग आतड्यात उतरतात.

एक्स-रेवर बाठा किंवा कापड नीट दिसेलच असं नाही. बंड्याच्या एक्स-रेत फक्त फुगलेली आतडी दिसली, बाठा सोनोग्राफीत सापडला. म्हणून काय गेलं असावं याचा नुसता संशय असला तरी डॉक्टरांना सांगा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.

तोंडातून किंवा मागून दोरा, मांजा लोंबत असेल तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आत कुठंतरी अडकलेलं असतं आणि ओढल्यावर तो आतडं करवतीसारखा कापतो. लांब लोंबत असेल तर कुत्र्याचा पाय अडकणार नाही इतपत कात्रीनं छाटा, थोडा बाहेर दिसता ठेवा आणि तसंच घेऊन निघा.