विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या सहकाऱ्याला काम कसं शिकवावं

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता (ऑटिझम), डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम होणं) या विकासात्मक दिव्यांगत्वाच्या अवस्था जन्मापासून किंवा वाढीच्या वयात सुरू होतात आणि आयुष्यभर राहतात. अशी एखादी व्यक्ती तुमच्या विभागात रुजू झाली आणि तिला कामात रुळवायची जबाबदारी तुमच्याकडे आली, तर चांगलं मन हवंच, पण तेवढ्यावर भागणार नाही. शिकवण्याची रीतही लागते. १९७०च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड या संशोधकांनी बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लोकांना १५ सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. यांना असलं काम जमणं शक्य नाही, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. गोल्ड यांचं म्हणणं साधं होतं: शिकणं अडलं, तर शिकवण्याची पद्धत बदला.

आधी त्यांच्याशीच बोला

सोबत आई-वडील आले असतील, तरी प्रश्न सहकाऱ्यालाच विचारा. "याला काय जमतं हो?" असं त्यांच्यासमोर तिसऱ्याला विचारू नका. ऑफिसात बाकीच्यांना अहो-जाहो करत असाल, तर त्यांनाही तसंच करा. तिशीतल्या माणसाला "बाळा" म्हणणं कितीही मायेचं असलं, तरी त्यानं तो सहकारी राहत नाही.

कोणत्या आवाजाचा त्रास होतो, सूचना लिहून हव्यात की चित्रातून, दमल्यावर काय केलं की बरं वाटतं, हे विचारून घ्या. दिव्यांगत्वाबद्दल इतरांना काय सांगायचं आणि काय नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या. त्यांच्या परवानगीशिवाय एक शब्दही पुढे जाऊ नये.

काम स्वतः करा आणि त्याचे तुकडे पाडा

समजा, जुने कागद स्कॅन करायचे आहेत. आपल्या दृष्टीनं ते एकच काम. पण स्वतः करताना हात कुठे कुठे जातो, ते लिहून काढा. पिना काढणं, गठ्ठा ठोकून कडा सारख्या करणं, छापील बाजू योग्य दिशेला ठेवणं, बटण दाबणं, पडद्यावर पान वाकडं तर नाही ना ते बघणं, फाइलला नाव देणं, कागद परत जागेवर ठेवणं. या सात पायऱ्यांपैकी एखादीच अडत असते. ती सापडली की "यांना स्कॅनिंग जमत नाही" हे वाक्य बदलून "फाइलला नाव देताना गोंधळ होतो" असं होतं. त्यावर उपाय करता येतो: नावाचा एक नमुना छापून स्क्रीनशेजारी चिकटवा.

काम लांबलचक असेल, तर शेवटची पायरी आधी शिकवून बघा. बाकी सगळं तुम्ही करा, शेवटचं त्यांना करू द्या, मग शेवटून दुसरी पायरी जोडा. काम पुरं झाल्याचं समाधान त्यामुळे पहिल्या दिवसापासून मिळतं.

मदत करण्याआधी थांबा

माझ्या मते सगळ्यात अवघड पायरी हीच. समोरचा अडखळला की आपला हात आपोआप पुढे जातो. मनात पाच आकडे मोजा. तरीही अडलं, तर बोटानं खूण करा. मग एक छोटं वाक्य, मग करून दाखवणं. हात धरून शिकवायची वेळ आलीच, तर आधी विचारून. यंत्रामुळे इजा होऊ शकते अशा कामात मात्र हा क्रम उलटा: सुरुवातीला भरपूर मदत, नंतर हळूहळू कमी.

"समजलं ना?" हा प्रश्न टाळा, कारण उत्तर बहुतेक वेळा "हो" असंच येतं. "आता पहिलं काय करणार, दाखवता का?" असं विचारा.

मोघम बोलू नका

आपल्याकडे "नंतर बघू" म्हणजे बऱ्याचदा "नाही". "जरा हात चालवा" म्हणजे "लवकर करा". स्वमग्न व्यक्तीला यातला आडून सांगितलेला अर्थ लागेलच असं नाही. "चार वाजेपर्यंत वीस फाइली" असं स्पष्ट सांगा. वेळ, जागा किंवा कामाचा क्रम बदलणार असेल, तर आदल्या दिवशीच कल्पना द्या. जेवायला कुठे बसायचं, साहेबांच्या केबिनमध्ये कधी जायचं, असे कुणीच न सांगितलेले नियमही मोकळेपणानं सांगा.

चूक झाकू नका

सहकारी घरी गेले की त्यांचं काम गुपचूप दुरुस्त करणारे भले लोक असतात. कृपा करून असं करू नका. त्यांना चूक कळतच नाही. मग एक दिवस तक्रार थेट वरून येते आणि माणूस हादरतो. चूक त्याच दिवशी, एकांतात, कागद समोर ठेवून दाखवा आणि लगेच पुन्हा करू द्या. कामाचा दर्जा सगळ्यांना सारखा आणि मोबदलाही. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क करारातल्या कलम २७ मध्ये समान मूल्याच्या कामाला समान मोबदला आणि कामाच्या जागी वाजवी सोयी, दोन्ही आहेत.

कुणी अचानक चिडलं किंवा गप्प झालं, तर प्रश्नांचा भडिमार नको. कमी बोला, शांत जागा द्या. कारण नंतर शोधा: गोंगाट, बदललेलं वेळापत्रक, दुखणं, कुणाची थट्टा.

हळूहळू बाजूला व्हा

पहिल्या आठवड्यात शेजारी बसा, मग पलीकडच्या टेबलावर, मग दिवसातून दोनदा चक्कर. अडचण आली तर विचारायला आणखी दोन सहकारी ठरवून ठेवा, म्हणजे तुमच्या रजेच्या दिवशी काम थांबणार नाही. दर महिन्याला पायऱ्यांचा कागद दोघांनी मिळून बघा. जमलेल्या पायरीवरची मदत काढून घ्या आणि पुढे कोणतं काम शिकायला आवडेल, ते विचारा. तेच काम शिकायला उद्या कुणी नवीन आलं, तर त्यांना स्कॅनर दाखवायला या सहकाऱ्यांनाच सांगा.