मोठं घर सोडून लहान घरात जाताना: आधी टेप, मग खोकी

आतापर्यंत मी सहा घरं रिकामी केली आहेत. दोन स्वतःची, एक आईवडिलांचं, एक सासरचं आणि दोन मैत्रिणींची. दर वेळी कोणीतरी तोच सल्ला ऐकवतं: "वर्षभरात वापरलं नाही ना? मग टाकून दे." जन्मदाखला मी वर्षभरात एकदाही वापरला नव्हता. शिडीही नव्हती वापरली. याउलट प्लॅस्टिकचे डबे रोज वापरात होते, मोजले तर 32 निघाले आणि झाकणं होती 19.

वापराचा हिशेब इथे कामाचा नाही. हिशेब जागेचा करायचा. नव्या घरात किती मावतं हे आधी कळलं की निम्मी भांडणं आपोआप मिटतात, कारण मग "नाही" तुम्ही म्हणत नाही, भिंत म्हणते.

खोकी, चिकटपट्टी, जाड मार्कर हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरते. हाताशी 3 महिने असावेत. एका बैठकीला 2 तासांहून जास्त काम करू नका. तिसऱ्या तासाला माणूस एकतर सगळं ठेवतो नाहीतर सगळं फेकतो, आणि दोन्हींचा पस्तावा होतो.

1. मापं

नव्या घरात टेप घेऊन जा. खोल्यांच्या लांबी-रुंदीवर थांबू नका. दारांची रुंदी, जिन्याच्या वळणावरची जागा, लिफ्टच्या आतली उंची, खिडकीखाली किती भिंत उरते, प्लगपॉइंट कुठे आहेत, सगळं लिहा. चालायच्या वाटेला किमान अडीच फूट लागतात. कपाटापुढे दार उघडून माणूस उभा राहील एवढी जागा हवी, पलंगाच्या बाजूला चादर खोचायला दीड-दोन फूट.

मग जुन्या घराच्या हॉलमध्ये फरशीवर चिकटपट्टीने नवी खोली आखा, अगदी खऱ्या मापाची. त्यात तुमचा पलंग आणून ठेवा. कागदावर सगळं बसतं, कारण कागदावर कोणी कपाटाचं दार उघडत नाही. आम्ही 10 बाय 11 ची खोली आखली, पलंग ठेवला, कपाट ठेवलं, आणि कपाटाचं दार पलंगाला आपटून अर्ध्यात थांबलं. त्या दुपारी जे ठरलं ते आधी दोन महिने चर्चा करून ठरलं नव्हतं.

उंच कपाटाच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. ते आडवं करून खोलीत नेतात आणि तिथे उभं करतात. उभं करताना त्याची उंची नाही, कर्ण लागतो. साडेसात फूट उंच आणि 2 फूट खोल कपाटाचा कर्ण 7 फूट 9 इंचांच्या जरासा वर जातो. एका मैत्रिणीच्या नव्या घरात फॉल्स सीलिंग होतं बरोबर 7 फूट 9 इंचांवर. चार माणसं कपाट तिरकं धरून उभी, आणि वर नख जाईल एवढंसं अडलेलं. शेवटी खालचे पाय कापले.

2. सोपं आधी

स्वयंपाकघरापासून सुरुवात करा, तिथे आठवणी कमी आणि जोड्या जास्त असतात. तीन किसण्या असतील तर एक. झाकण नसलेला डबा आणि डबा नसलेलं झाकण, दोन्ही बाहेर.

कपडे: नव्या कपाटातली दांडी मोजा, तेवढेच हँगर जवळ ठेवा. हँगर संपले की कपडे संपले.

पुस्तकं: लहान खोक्यांत भरा. 40 लिटरचं खोकं पुस्तकांनी गच्च भरलं की 25 किलोंच्या पुढे जातं, मग तळ तरी फाटतो नाहीतर पाठ तरी.

कागदपत्रं: मालमत्ता, जन्म-मृत्यू, शिक्षण, विमा आणि कराचे कागद एका पिशवीत. ती पिशवी ट्रकमध्ये जाणार नाही, तुमच्या खांद्यावर जाईल. दुकानातल्या गुळगुळीत थर्मल कागदावरच्या पावत्यांवरची अक्षरं उडतात, लागणाऱ्या पावत्यांचे फोटो काढून ठेवा. जी यंत्रं नेणार नाही त्यांची माहितीपत्रकं आजच रद्दीत.

उरलेला रंग, थिनर, कीटकनाशकं, जुन्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं हे सगळं वेगळं काढा. मोरीत ओतू नका, सामानाबरोबर ट्रकमध्येही चढवू नका. जुना संगणक देऊन टाकणार असाल तर नुसत्या फायली डिलीट करून भागत नाही, त्या परत मिळवता येतात. हार्ड डिस्कवरचा डेटा कायमचा पुसून घ्या, नाहीतर डिस्कच काढून ठेवा.

3. जिथे मी दोनदा हरले

आता आठवणींच्या वस्तू. आईवडिलांचं घर रिकामं करताना मी याच टप्प्यावर पार कोलमडले, आणि एकदा नाही.

पहिली चूक म्हणजे मी सुरुवातच अल्बमपासून केली. वाटलं, हलकं काम आहे, बसून करता येईल. संध्याकाळी सहाला बसले, रात्री साडेदहाला उठले तेव्हा 11 फोटो वेगळे काढले होते आणि डोळे सुजले होते. त्यानंतर दोन आठवडे त्या खोलीत पाऊल टाकवेना. आठवणी शेवटी घ्या. डबे, चादरी, तारा, खिळे असं करत करत ठरवायची सवय हाताला लागलेली असते तेव्हा.

दुसरी चूक याहून महागात पडली. वेळ संपत आला, तशी मी सगळं खोक्यांत कोंबलं आणि वर लिहिलं "नंतर बघू". अशी 19 खोकी माझ्या दोन खोल्यांच्या घरात आली. सोफ्यामागे, पलंगाखाली, गॅलरीत. दोन वर्षं रात्री पाणी प्यायला उठताना माझा गुडघा त्यांतल्या एकावर आपटत होता. कोणी म्हणालं, भाड्याने एखादी जागा घे आणि तिथे ठेव. असं करू नका. त्या जागेचं भाडं म्हणजे न ठरवण्याचा मासिक हप्ता. मी ओळखते त्यांतल्या एकानेही ती खोकी सहा महिन्यांत उघडली नाहीत. "नंतर बघू" हे खोकं भरायचंच नाही, बाकी काहीही चालेल.

मग काय करायचं? वस्तू हातात घेऊन "ठेवू की टाकू?" असं विचारू नका. या प्रश्नाला आठवणींपुढे एकच उत्तर असतं, ठेवू. माणूस गेलेला असेल तर टाकणं हे त्याला टाकण्यासारखं वाटतं. तिथे युक्तिवाद चालत नाही, मी करून पाहिलाय.

आधी रिकामं खोकं निवडा. एका माणसामागे एकच, साधारण 40 बाय 30 बाय 25 सेंटिमीटरचं. ते नव्या घरात कुठल्या फळीवर राहणार तेही ठरवा. मग त्या माणसाच्या सारख्या वस्तू एकत्र मांडा आणि दोन-दोन हातात घ्या. प्रश्न एवढाच: या दोघांतलं कुठलं जास्त त्यांचं? याचं उत्तर हात पटकन देतो.

वडिलांच्या चष्म्याची 11 घरं निघाली. एकेक बघितलं असतं तर अकराही ठेवली असती. ओळीने मांडली तेव्हा नऊ नुसतीच दुकानातून आलेली, कोरी, त्यांत वडील कुठेच नव्हते. दहाव्याची कडी तुटलेली. अकराव्याच्या झाकणाला आतून त्यांनी निळ्या शाईत बारीक अक्षरात तारखा लिहिल्या होत्या, घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचे सेल बदलल्याच्या. एकाखाली एक, सात तारखा, शेवटची थोडी थरथरलेली. ते घर खोक्यात गेलं. बाकी दहा जाताना मला काहीही वाटलं नाही, आणि याचंच मला नवल वाटलं.

मोठ्या वस्तूंचा तुकडा ठेवता येतो. शिवणयंत्र येणार नसेल तर त्याचा बॉबिनचा डबा येऊ शकतो. वस्तूचा फोटो काढा असं सगळे सांगतात. काढा, पण वस्तू जिथे असायची तिथेच ठेवून काढा, शेजारची खिडकी आणि भिंतीवरचा डाग यांच्यासकट. पांढऱ्या चादरीवर ठेवून काढलेला फोटो विक्रीच्या जाहिरातीसारखा दिसतो, तो कोणी परत बघत नाही.

कागदी फोटोंचं थोडं वेगळं. अंधूक, दुहेरी, अनोळखी माणसांचे आणि नुसत्या डोंगरांचे आधी काढा, निम्मे तिथेच कमी होतात. ठेवलेल्यांच्या मागे मऊ शिसपेन्सिलने नावं लिहा. बॉलपेनने नाही, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई डाग पाडते. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू फिरवला की सुटतात. स्कॅन करताना नेहमीच्या आकाराच्या फोटोंना 300 डीपीआय (म्हणजे इंचामागे 300 ठिपके) ठीक, लहान किंवा पुढे मोठे करायच्या फोटोंना 600. निगेटिव्ह असतील तर फोटोंपेक्षा ती महत्त्वाची, आणि जागाही नगण्य घेतात. स्कॅनच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

भावंडं असतील तर वाटणी एकत्र बसून करा. कोणाला काय हवं याच्या पाळ्या लावा. पहिल्या फेरीत थोरल्यापासून, दुसऱ्या फेरीत उलट, धाकट्यापासून. चिठ्ठी टाकून सुरुवात केलीत तरी उत्तम. आधीच फोनवर "ते मला हवं हं" म्हणून ठेवलेलं मोजायचं नाही. आमच्याकडे पितळी दिव्यावरून कुरबुर झाली, आणि ती झाली फोनवर दिलेल्या शब्दामुळेच.

आणखी एक, यात माझं मत ठाम आहे. जिवंत माणसाच्या वस्तू त्याच्या मागे टाकायच्या नाहीत. नवऱ्याच्या नाहीत, मुलांच्या नाहीत, म्हाताऱ्या सासूच्या तर मुळीच नाहीत. एकदा असं कळलं की पुढे प्रत्येक हरवलेल्या चमच्याचा संशय तुमच्यावर. परगावी राहणाऱ्या मुलांना "तुझं सामान ने कधीतरी" असं सांगून उपयोग नाही. फोटो पाठवा, तारीख द्या, आणि त्या तारखेनंतर काय होईल तेही लिहा. मुलाने तीन खोक्यांचे फोटो बघून "एवढंच होतं?" असं विचारलं आणि एक वही मागवली.

घर वयस्क माणसाचं असेल तर निघण्याआधी त्यांच्या उशाशी असलेल्या टेबलाचा फोटो काढा. दिवा कुठल्या बाजूला, घड्याळ कुठे, पाण्याचं भांडं कुठे. नव्या घरात पहिलं काम म्हणजे ते टेबल तसंच्या तसं लावणं. रात्री अंधारात हात नेहमीच्या जागी गेला पाहिजे.

4. बाहेर काढणं

ठरवलेली वस्तू त्याच आठवड्यात घराबाहेर गेली पाहिजे, नाहीतर रात्री ती परत कपाटात शिरते. किंमत येईल अशा चार-पाचच वस्तू विका. तुम्ही घेतली तेव्हाची किंमत घेणाऱ्याला सांगू नका, त्याला तिचं वय दिसतं. बाकी देऊन टाका, आणि देताना नेण्याचा दिवस पक्का करून घ्या. "बघते, सांगते" म्हणजे नाही. अवाढव्य लाकडी सामान फुकटसुद्धा सहज जात नाही, म्हणून त्याची सुरुवात पहिल्याच महिन्यात करा. आणि नव्या घरासाठी सुबक डबे-टोपल्यांची खरेदी आत्ता करू नका. कमी करायला निघालात ना?

5. हलवणं

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, उभाच न्या. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागचे वाहतुकीचे बोल्ट, म्हणजे आतला ड्रम हलू नये म्हणून असतात ते, परत लावा. खोक्यांवर खोलीचं नाव बाजूला लिहा, वर नको, खोकी एकावर एक रचली की वरचं दिसत नाही. पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी: औषधं, चार्जर, चादर, कात्री, साबण, बल्ब.

किल्ली देण्याआधी मीटरच्या आकड्यांचे फोटो घ्या. मग दारांच्या मागे बघा, मोरीवरच्या फळीवर बघा, आणि माळ्यावर शिडी लावून चढा. खालून टॉर्च मारून "काही नाही" म्हणू नका. माळ्याच्या मागच्या कोपऱ्यात मला भिंतीवरचं जुनं घड्याळ मिळालं, बंद पडलेलं, आतल्या सेलवर निळ्या शाईत तारीख असलेलं. खोकं भरलं होतं, म्हणून दुसरं काहीतरी बाहेर काढावं लागलं.