देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) नुसत्या डोळ्यांनी बघायचीये? मग तिच्याकडे बघू नका

नोव्हेंबर-डिसेंबरमधली अमावस्येच्या जवळची रात्र आणि शहराच्या दिव्यांपासून लांबची जागा निवडा. पेंच व्याघ्र प्रकल्पात जायला जमलं तर उत्तमच, २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) झालं. सतरंजी टाकून आडवे व्हा.

आता अर्धा तास अंधार. पाच मिनिटांत दिसायला लागलं म्हणून उठू नका, डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते पण दृष्टिपटलावरच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या) दंडपेशींमधलं, म्हणजे मंद उजेडात बघणाऱ्या पेशींमधलं, रोडॉप्सिन हे रसायन परत साठायला २०-३० मिनिटं लागतातच. मधे कोणी मोबाईल उघडला की पहिल्यापासून सुरू. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, लाल उजेडाला दंडपेशी फारशा दाद देत नाहीत.

मग शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम (M) सारखा आकार शोधा. त्यातला जास्त टोकदार कोन बाणासारखा धरा, त्याच्या टोकापासून दीड मूठ पुढे (हात लांब करून धरलेली मूठ) देवयानी दीर्घिका आहे.

आणि इथेच सगळे अडकतात. मला कोणीतरी सांगितलं होतं की टक लावून बघ, दिसेल. दोन हिवाळे मी टक लावून बघत बसले, डोळ्यांतून पाणी आलं पण काही दिसलं नाही, शेवटी वाटलं आपला नंबरच वाढलाय. हा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका!! आपण जिथे रोखून बघतो ती जागा दृष्टिपटलाच्या बरोबर मध्यावर पडते आणि तिथे फक्त शंकूपेशी असतात, बारीक अक्षरं वाचायला त्या उत्तम पण एवढ्या मंद उजेडात त्या कामाच्या नाहीत. दंडपेशी सगळ्या त्याच्या आजूबाजूला. म्हणजे जितकं नीट रोखून बघाल तितकं कमी दिसणार.

तर असं करा. जवळच मिराक नावाचा तांबूस तारा आहे, नजर त्याच्यावर ठेवा आणि लक्ष दीर्घिकेच्या जागेवर. गप्पा मारताना गॅसवरच्या दुधाकडे जसं आपलं लक्ष असतं ना, अगदी तसं. कोपऱ्यात एक लांबट धूसर डाग उमटेल आणि उमटला रे उमटला की डोळे आपोआप तिकडे धावतील आणि तो गायब होईल. ही धाव रोखणं हीच खरी प्रॅक्टिस आहे, मला तीन रात्री लागल्या. पण नजर मिराकवर खिळवूनही ठेवू नका, कडेचं मंद दृश्य हललंच नाही तर मेंदू ते पुसून टाकतो, म्हणून नजर ताऱ्याभोवती हळूहळू फिरवत राहा. श्वास रोखू नका.

दोन्ही डोळे उघडे असतील तर कुठल्या बाजूने बघता याने फरक पडत नाही. दुर्बिणीला एकच डोळा लावलात तर मात्र वस्तू नाकाच्या बाजूला राहील असं बघा, दुसऱ्या बाजूला आपला अंधबिंदू असतो आणि तिथे ती पूर्णच हरवते.

सप्तर्षीतल्या वसिष्ठ ताऱ्याशेजारची अरुंधती मात्र सरळच बघा, दोन तारे वेगळे करायचं काम शंकूपेशींचंच.

फोटोतले निळे-जांभळे रंग शोधत बसू नका, दंडपेशींना रंग कळत नाहीत. राखाडी डाग दिसला म्हणजे दिसली.